पांढरा कोट आणि शेजारचा उंच मुलगा

प्रश्न : ताई, टीव्हीवर मुलांच्या दुधात घालायच्या पावडरीच्या जाहिरातीत पांढऱ्या कोटातली बाई म्हणते, '१० पैकी ९ डॉक्टरांची पसंती'. सूनबाई तीच पावडर नातवाला दुधातून देते. खरं मानावं का?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, कोट कुणालाही घालता येतो. ते डॉक्टर कोण, त्यांना कुणी विचारलं, हे शोधा. मला खरा संताप येतो तो अशा जाहिरातींत दाखवतात त्या शेजारच्या उंच मुलाचा! आपलं लेकरू मागे पडेल ही धास्ती आईच्या मनात मुद्दाम पेरतात. सूनबाईंना दोष देऊ नका. दोघी मिळून डब्यामागचा तक्ता वाचा, १०० ग्रॅममध्ये साखर किती ते बघा. केंद्राच्या २०२२च्या नियमांनुसार जाहिरातीतला खुलासा, म्हणजे दाव्याखालची टीप, दाव्याच्याच भाषेत हवा. मराठी दाव्याखाली बारीक इंग्रजी दिसलं, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर जरूर तक्रार करा.