सर्व्हायव्हल गेममध्ये 'नक्की का?' कधी विचारायचं

तुमचा गेम टर्न-बेस्ड, म्हणजे खेळाडूने एक चाल केली की मगच गेमची चाल; आणि मेलं की सेव्ह केलेला खेळही गेला. काही टेस्टर चुकून आगीत पाऊल टाकून मरत होते म्हणून तुम्ही प्रॉम्प्ट, म्हणजे 'नक्की का?' विचारून होय-नाही मागणाऱ्या खिडक्या घातल्या, आणि आता बाकीचे म्हणतायत की खेळण्यापेक्षा 'होय' दाबण्यातच वेळ जातो. यावर प्रॉम्प्ट निम्मे करून बघू नका. चुकीच्या जागचे उरले तर दोन्हीकडच्या तक्रारी तशाच राहतील.

धोका किती मोठा, यावरून प्रॉम्प्ट ठरवायचा नाही. खेळाडूला जे करायचंय ते एक आणि प्रत्यक्षात होणार दुसरंच, अशी शक्यता असेल तिथेच विचारायचं. समोर अस्वल स्पष्ट दिसतंय आणि तो भाला घेऊन धावून जातोय, तर जाऊ द्या. मेला तरी निर्णय त्याचा होता, आणि असे निर्णय घ्यायलाच तो हा गेम खेळतो. पण तो कीबोर्डवरची चालायची की दाबून धरून पळतोय आणि त्याच टर्नला पुढच्या चौकोनात आग पसरली, तर आगीत जायचं त्याने ठरवलेलंच नाही. तिथे त्याला थांबवलंच पाहिजे.

'कॅटॅक्लिझम: डार्क डेज अहेड' या टर्न-बेस्ड गेमचा सेफ मोड नीट अभ्यासा. नवा शत्रू नजरेत आला की हालचाल अडते; त्याची दखल घेतल्याची की दाबली की पुढे जाता येतं. परिस्थिती बदलली की गेम टोकतो, आणि जे खेळाडूने एकदा पाहिलंय त्याबद्दल परत विचारत नाही. तुमच्या आगीलाही हेच लावा: ज्वाळा आधीपासून दिसत असतील आणि खेळाडूने थांबून, की नव्याने दाबून पाऊल टाकलं असेल, तर विचारायची गरज नाही.

दुसरी अडचण सवयीची. ज्या प्रॉम्प्टचं उत्तर दरवेळी 'होय'च असतं तो लवकरच बोटांत मुरतो. मग पाऊल आणि 'होय' मिळून एकच हालचाल होते, आणि ज्या दिवशी 'नाही' म्हणायला हवं त्या दिवशीही बोट 'होय'वरच जातं. 'नेटहॅक' 1987 पासूनचा गेम. त्यात मोजक्या कृतींसाठी एका अक्षराऐवजी 'येस' हा अख्खा शब्द टाइप करायला लावणारी सेटिंग आहे. सवय मोडते ती अशी. मात्र हे फार थोड्या ठिकाणी वापरा, सगळीकडे लावलंत तर कोणी खेळणार नाही.

इथेच एक तांत्रिक गोष्ट तपासा, कारण बऱ्याच गेममध्ये ती राहून जाते. की दाबून धरलेली असताना प्रॉम्प्ट उघडला तर रांगेत साठलेलं इनपुट त्याचं उत्तर होऊन बसतं. म्हणून प्रॉम्प्ट उघडताना ही रांग, म्हणजे इनपुट बफर, रिकामी करा, आणि चालायची की उत्तर म्हणून कधीच घेऊ नका. प्रॉम्प्टच्या मजकुरात कारण लिहा, म्हणजे 'पुढे आग आहे' आणि खाली 'आगीत जा' किंवा 'थांब'. नुसतं 'नक्की का?' कोणी वाचत नाही.

जिथे कृती उलटवता येते तिथे तर विचारूच नका. 'टेरारिया'त कचऱ्याच्या खान्यात टाकलेली वस्तू दुसरी टाकेपर्यंत परत उचलता येते, शिवाय ऑल्ट-क्लिकने वस्तू फेव्हरिट केली की ती चुकून कचऱ्यात जात नाही. 'सबनॉटिका'त बांधकाम मोडलं की साहित्य परत मिळतं, पण लॉकर भरलेला असेल तर गेम तो मोडूच देत नाही. 'माइनक्राफ्ट'मध्ये क्यू दाबून वस्तू टाकताना काही विचारत नाहीत. ती साधारण 5 मिनिटं जमिनीवर पडून असते. अख्खं वर्ल्ड डिलीट करताना मात्र विचारतात, आणि तिथे विचारलेलं कोणालाच खुपत नाही.

रिअल-टाइम, म्हणजे खेळाडूसाठी न थांबणाऱ्या गेममध्ये लढाईच्या मधोमध खिडकी उघडणं म्हणजे वेगळंच संकट. तिथे कृतीच जरा अवघड करतात: की क्षणभर दाबून धरायची, नाहीतर जोडीला दुसरी की. 'डोन्ट स्टार्व्ह'मध्ये निरुपद्रवी प्राण्यावर हल्ला करायचा तर कंट्रोल धरावा लागतो, त्यामुळे गर्दीत चुकून वार बसत नाही. टर्न-बेस्ड गेममध्येही हे चालतं, आणि आगीसाठी मी प्रॉम्प्टच्या आधी हेच करून बघेन: साध्या कीने पाऊल अडेल, शिफ्टसकट दाबली तर पडेल. खिडकी उघडायची वेळच येणार नाही.

राहिलेल्या प्रॉम्प्टचं काय करायचं ते टेस्टरच्या मतांवरून ठरवू नका, लॉग ठेवा, म्हणजे गेमलाच नोंद करू द्या. प्रत्येक प्रॉम्प्टला किती वेळात उत्तर आलं आणि 'नाही' किती वेळा दाबलं गेलं, एवढं पुरे. ज्याला जवळजवळ कोणीच 'नाही' म्हणत नाही तो काढून टाका. ज्याला 'होय' झटकन येतं आणि लगेच पुढच्या टर्नला खेळाडू मरतो, तो कोणी वाचतच नाहीये. तो आणखी मोठा करू नका, त्याच्या जागी शिफ्टची अट घाला.