‘टिल’ की ‘अपटू’? एकतीस तारीख आत की बाहेर?

प्रश्न ठाण्यातल्या एका गृहसंकुलाच्या सेक्रेटरींचा आहे. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी दिलेल्या स्टिकरवर ‘व्हॅलिड टिल ३१ मार्च’ असं छापलं होतं. एकतीसच्या सकाळी एका सभासदाच्या जावयाची गाडी वॉचमनने गेटवर अडवली. त्याच्या हिशेबाने मुदत तीसच्या रात्रीच संपली होती. आता नवे स्टिकर छापायचेत, तेही इंग्रजीत, कारण बऱ्याच सभासदांना मराठी वाचता येत नाही. तर ‘टिल’ बरोबर की ‘अपटू’?

दोन्ही सारखेच, आणि या कामाला दोन्ही सारखेच कुचकामी. त्यातून ‘अपटू’ हा एक शब्दच नाही. इंग्रजीत ‘अप’ आणि ‘टू’ सुटे लिहितात. ‘टिल’ हे ‘अन्टिल’चं लघुरूप, म्हणून नोटिशीत शोभत नाही, असं सांगणारे इंग्रजीचे सर अजून भेटतात. साफ चूक. ‘टिल’ थोरला आणि ‘अन्टिल’ धाकटा. ‘टिल’लाच पुढे ‘पर्यंत’ याच अर्थाचं एक जुनं नॉर्स शेपूट पुढून जोडलं आणि ‘अन्टिल’ झाला. म्हणजे आपल्या भाषेत ‘पर्यंतपावेतो’. सरांनी शोभतो कोण ते पुन्हा ठरवावं.

सेक्रेटरींनी सोबत जुन्या नोटिशीचा मजकूर पाठवलाय: ‘अप्लाय विदिन ३१ मार्च, आफ्टरवर्ड्स डेट विल बी एक्स्पायर्ड.’ अहो, ‘विदिन’ला कालावधी लागतो, विदिन सेव्हन डेज. तारखेला ‘बाय’ लावतात. ‘३१ तारखेच्या आत’ मनात धरून इंग्रजी लिहिलं की हे असं होतं. आणि तारीख एक्स्पायर होत नाही, स्टिकर होतो. आपल्याकडे दुधाची पिशवी, पासपोर्ट आणि सासरे सगळेच एक्स्पायर होतात. त्यातल्या त्यात सासऱ्यांबद्दलचा वापर मुळाला धरून आहे, लॅटिनमध्ये तो श्वास बाहेर सोडणंच होता. ‘डेडलाइन’ची अमेरिकेतल्या तुरुंगाची गोष्ट हल्ली सगळ्यांच्या फोनवर येऊन गेलेली आहे, ती सोडतो.

खरी गंमत वॉचमनच्या हिशेबात आहे. ‘पर्यंत’ म्हटलं की शेवटचा दिवस धरायचा की सोडायचा, हा प्रश्न पाणिनीलाही पडला होता. त्याच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथात दुसऱ्या अध्यायात सूत्र आहे, ‘आङ् मर्यादाभिविध्योः’. आमरण, आसेतुहिमाचल, आपादमस्तक यांतला जो ‘आ’, त्याचे दोन अर्थ. ‘आ’ जिला लागतो ती गोष्ट सोडून, तिच्या अलीकडे थांबायचं ती मर्यादा. तिला धरून थांबायचं तो अभिविधी. काशिकावृत्ती या पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेतली उदाहरणं बघा. पाटलिपुत्रापर्यंत पाऊस पडला, ही मर्यादा: पाटलिपुत्र कोरडं. पाणिनीची कीर्ती पोराटोरांपर्यंत पोचली, हा अभिविधी: पोरंटोरंही त्यात आली. आपण ठाणेकर ‘मुलुंडपर्यंत पाऊस होता’ म्हणतो, तेव्हा मुलुंड भिजलं की नाही, सांगा बरं! आमरण उपोषणात मरण धरायचं की नाही यावर चर्चा नको. व्यवहारात ते लिंबूपाण्यापर्यंतच असतं.

संस्कृत इतकी नेमकी की संगणकालाही तीच हवी, असे संदेश पाठवणाऱ्यांनी हे सूत्र जरूर वाचावं. एकच ‘आ’, उलटे दोन अर्थ, आणि कुठला घ्यायचा ते ज्याने त्याने संदर्भावरून ओळखायचं! नेमकेपणा भाषेत नव्हता, वैयाकरणांच्या डोक्यात होता. त्यांनी निदान घोटाळ्याच्या दोन्ही बाजूंना नावं दिली. आपल्या कचेऱ्यांनी त्यातलं नेमकं वगळणारं नाव उचललं आणि ‘कालमर्यादा’ केली. पाणिनीच्या हिशेबाने ‘३१ मार्च ही कालमर्यादा’ म्हणजे एकतीसला खिडकी बंद. शुद्ध बोलायचं तर ‘कालाभिविधी’ म्हणायला हवं, पण मग खिडकीपाशी कोणी फिरकणारच नाही.

माझा तर्क असा, आणि तो माझाच आहे, की मराठीने हा तिढा अरबीतून फारसीमार्गे आलेल्या ‘अखेर’ने सोडवला. ‘मार्चपर्यंत’ म्हणा, भांडण होईल. ‘मार्चअखेर’ म्हणा, एकतीसच्या रात्रीपर्यंत दिवे जळतात हे बँकेतल्या शिपायालाही ठाऊक असतं. पाणिनीला जे दोन संज्ञा घालून समजवावं लागलं, ते आपल्या हिशेबनिसांनी तीन अक्षरांत उरकलं. एक व्युत्पत्तिप्रेमी स्नेही म्हणतात, ‘पर्यंत’मध्येच ‘अंत’ आहे, तेव्हा शेवट धरलाच पाहिजे. पण ‘परि’चं काय? ‘पर्यन्त’ म्हणजे चहूबाजूंची कड. शेताची कड शेतात असते की बाहेर, यावर खेड्यांत डोकी फुटलीत.

इंग्रजी कायद्यालाही शेवटी हे लिहून ठेवावं लागलं. आपल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं नववं कलम सांगतं: पहिला दिवस वगळायचा तर ‘फ्रॉम’ पुरे, शेवटचा धरायचा तर ‘टू’ पुरे. औषधाच्या पट्टीवर नुसता महिना आणि वर्ष असतं, तिथे महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. पूर्ण अभिविधी! घड्याळाच्या वेळेला ही अडचण नाही. ‘आठच्या आत घरी ये’ म्हटलं तर कोणी वाद घालत नाही, कारण आठ हा क्षण आहे. तारखेच्या पोटात चोवीस तास असतात.

हां, स्टिकर. ‘व्हॅलिड अप टू अँड इन्क्लुडिंग ३१ मार्च’ लिहा, किंवा जागा कमी असेल तर ‘लास्ट व्हॅलिड डे: ३१ मार्च’. पुढे वर्ष घाला, नाहीतर जावई पुढच्या मार्चलाही तोच स्टिकर दाखवतील. ‘मिडनाइट’ लिहू नका, कुठल्या बाजूची मध्यरात्र यावर नवं भांडण होईल. अमेरिकन लोक ‘थ्रू ३१ मार्च’ लिहितात, त्यात एकतीस स्वच्छ येतो. पण आपल्या गेटवर ‘थ्रू’ लिहिलंत तर वॉचमन त्याचा अर्थ ‘गाडी आरपार जाऊ द्या’ असाच घेईल.