वाइन कुठून घ्यायची? नवीन मेंबरसाठी

अरे, ब्रँड नंतर बघ, आधी दुकान बघ. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये शटरजवळच्या काचेच्या शेल्फात उभी तापणारी बाटली म्हणजे पैसे पाण्यात, वाइनला ऊन आणि उकाडा दोन्ही चालत नाही. ज्या दुकानात एसी चालू असतो आणि माल भराभर खपतो तिथूनच घे, मग ते कितीही साधं दिसू दे. मी एकदा डिस्काउंटच्या नादात एका दुकानातून व्हाइट घेतली, घरी येऊन लेबल वाचलं तर पाच वर्षं जुनी, रंग चहासारखा आणि वास शिळ्या सफरचंदाचा 😅 जुनी तेवढी चांगली हे सगळ्या वाइनला लागू नसतं रे, आपल्याकडची सोव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां वगैरे व्हाइट वाइन शक्यतो एक-दोन वर्षांतलीच घ्यायची, म्हणून साल बघितल्याशिवाय पैसे देऊ नको. कॉर्क वर आलेला किंवा चिकट असेल तर सरळ परत ठेव. स्क्रू कॅपला, म्हणजे कॉर्कऐवजी फिरवून उघडायच्या झाकणाला, नाक मुरडू नको.

आणि जमलं तर एकदा नाशिकला जा, सुला, यॉर्क, सोमा हे वाइन बनवणारे सगळे गंगापूर धरणाच्या बाजूलाच आहेत, टेस्टिंग करून जी आवडेल तीच घे. द्राक्षतोड साधारण जानेवारी ते मार्च, तेव्हा मजा येते, पण वीकेंड टाळ. आणि येताना बाटल्या गाडीच्या डिकीत तापवत आणू नकोस 🙏