बुबूळ नेमकं कुठलं, आणि मग बाहुली कुठली?

प्रश्न असा आलाय की लेकीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात बुबुळ म्हणजे डोळ्यातला रंगीत पडदा असं दिलंय, पण पेपरात 'बुबुळ प्रत्यारोपण' छापून येतं तेव्हा तो पडदा कुणी बदलत नाही, त्याच्या पुढचं पारदर्शक पटल बदलतात, मग खरं बुबुळ कुठलं? आणि बाहुली म्हणतो ती ह्यातलीच का वेगळी?

फार छान प्रश्न आहे, आणि चूक ना पुस्तकाची ना पेपरवाल्यांची. आरशासमोर उभं राहून डोळा नीट बघा. पांढऱ्याच्या मधे जो काळा गोल दिसतो त्या एका जागी तीन गोष्टी एकीमागे एक आहेत. सगळ्यात पुढे घड्याळाच्या काचेसारखं फुगीर, आरपार दिसणारं पारपटल, मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. त्याच्या मागे रंगीत पडदा, म्हणजे आयरिस. आणि त्या पडद्याच्या मधोमध एक भोक, प्यूपिल, उजेडात २ मिलिमीटरपर्यंत आक्रसतं आणि अंधारात ८ पर्यंत फाकतं. आता आपल्याकडे बहुतेकांचा पडदा इतका गडद तपकिरी असतो की हातभर अंतरावरून पडदा कुठे संपला नि भोक कुठे सुरू झालं ते कळतच नाही, आणि पुढची काच तर दिसायचा प्रश्नच नाही. म्हणून बोलीत त्या अख्ख्या काळ्या गोलाला एकच नाव पडलं, बुबूळ. बुबुळं फिरवतो तेव्हा आपण काही पडदा वेगळा नि काच वेगळी फिरवत नाही ना!

पुढे शास्त्र मराठीत लिहायची वेळ आली आणि त्या एका शब्दाची वाटणी झाली. पाठ्यपुस्तकाने बुबूळ पडद्याला दिलं आणि काचेसाठी पारपटल हा नवा शब्द घेतला. आधारच्या नोंदणीत 'बुबुळांचं स्कॅनिंग' म्हणतात तेही पडद्याचंच, कारण त्यावरची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. नेत्रदानवाल्यांना मात्र चारचौघांना पटकन समजेल असा शब्द हवा होता, पारपटल म्हटलं तर कुणाला कळणार, म्हणून त्यांनी बुबूळच धरलं आणि पेपरात तेच रुळलं. एक मात्र आहे, ही काच बिघडली तर तिला बोलीत नाव आहे. बुबुळावर पांढरा डाग पडला की जुनी माणसं 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात, ते फूल पारपटलावरच असतं. धड होती तोवर दिसलीच नाही, म्हणून नाव नाही.

हा गोंधळ नुसता शब्दापुरता राहत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमचे आजोबा घाऱ्या डोळ्यांचे. ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे नेत्रदान केलं, सहा तासांच्या आत करावं लागतं म्हणून सगळी धावपळ, आणि त्या गडबडीत आत्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "बुबूळ बसवणार म्हणजे ज्याला बसवतील त्याचे डोळे आता अण्णांसारखे घारे दिसणार का रे?" तिला ते हवंहवंसं वाटत होतं असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी म्हटलं नाही गं आत्या, बसवतात ती पुढची काच, तिला रंगच नसतो, घारेपणा मागच्या पडद्याचा. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे दिसणार नाही, पण असेल." तेव्हापासून मी लिहिताना पारपटल म्हणजे पारपटलच लिहितो. बोलताना बुबूळ म्हणायला माझी काही हरकत नाही, फक्त नेत्रदानाबद्दल बोलत असाल तर 'डोळ्यावरची पारदर्शक काच' एवढं एकदा जोडा, समोरच्याच्या मनातल्या निम्म्या शंका जातात.

जाता जाता, प्रमाण लेखनात एकवचन बुबूळ, ब ला दीर्घ ऊ, आणि प्रत्यय लागला की बुबुळाचं, बुबुळावर, जसं वारूळ पण वारुळात. बुबुळ असं सर्रास लिहितात तरी मला बुबूळच बरं वाटतं.

आता बाहुली. पुस्तकातली बाहुली म्हणजे ते मधलं भोक, आणि ह्यावर कुणाचा वाद नाही. पण भोकाला बाहुली का म्हणावं? लेकीला खिडकीकडे तोंड करून बसवा, तुम्ही तिच्यासमोर वीतभर अंतरावर चेहरा आणा आणि तिच्या डोळ्यातल्या काळ्या ठिपक्यात बघा. तुमचं डोकं नि खांदे दिसतील, सुलटे, दोन-चार मिलिमीटरचे, हुबेहूब बाहुलीसारखे. संस्कृतात कनीनिका म्हणजे लहान मुलगी आणि डोळ्यातली बाहुलीही, लॅटिनमधल्या ज्या शब्दावरून प्यूपिल आलं त्याचा अर्थही छोटी मुलगी, बाहुली असाच, हिंदीत पुतली. इतक्या ठिकाणी लोकांनी एकमेकांच्या डोळ्यात इतक्या जवळून बघितलं आणि तेच नाव दिलं, ह्याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आणि गंमत म्हणजे ही बाहुली भोकात नसतेच. पारपटल फुगीर आहे, त्याच्या ओल्या पृष्ठभागावरून उजेड परततो आणि बहिर्गोल आरशासारखी छोटी प्रतिमा दिसते, मागे अंधारं भोक असतं म्हणून ती उठून दिसते एवढंच. म्हणजे बाहुली दाखवते ती काच, आणि नाव मिळालं भोकाला.