सुजलेल्या गुडघ्यात स्टेम सेल नक्की करतात काय? (आईच्या इंजेक्शनबद्दल विचारलेल्या प्रश्नाला उत्तर)

ताई, प्रश्न दोनदा वाचला तुमचा. आई 66 वर्षांच्या, दोन्ही गुडघे, एक्सरेत झीज ग्रेड 3 (चारपर्यंत असते), बोरिवलीचा रेल्वे पूल चढायचं बंदच झालंय. एक क्लिनिकवाला म्हणतो स्टेम सेल (दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी) सोडले की गादी परत भरून येईल, दुसरे डॉक्टर म्हणतात सूज आहे तोवर पेशी काहीच करणार नाहीत. मग खरं कोणाचं? पूर्ण खरं कोणाचंच नाही, पण पहिल्याची चूक तुम्हाला जास्त महागात पडेल.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. परळच्या एका लॅबमध्ये सोळा वर्षं पेशी वाढवल्या, म्हणजे फ्लास्क, 37 डिग्रीचा इन्क्युबेटर आणि दर दोन-तीन दिवसांनी मीडिया, म्हणजे पेशींचं खाणं-पाणी, बदलणं, गणपतीतसुद्धा, कारण पेशींना सुट्टी कोण समजावणार. तिथे अस्थिमज्जेतल्या स्टेम सेलपासून कूर्चा, म्हणजे तुमची ती गादी, बनवायला आम्ही अडीच-एक लाख पेशी ट्यूबमध्ये फिरवून तळाला गोळा करायचो, टीजीएफ-बीटा हे वाढीचं प्रथिन द्यायचो, आणि तीन आठवड्यांनी साबुदाण्याएवढी पांढरी चकचकीत गोळी तयार व्हायची. त्याच मीडियात आयएल-1 किंवा टीएनएफ, म्हणजे सूज वाढवणारी प्रथिनं, थोडी जरी टाकली, की गोळी मरतुकडीच राहायची. आता हेच दोन पदार्थ आर्थ्रायटिसच्या गुडघ्यातल्या पाण्यात असतात, आणि तेच कूर्चेतल्या आधीपासूनच्या पेशींकडून एमएमपी-13 सारखी एन्झाइम सोडवून असलेली गादीपण कुरतडवतात. म्हणजे दुसरे डॉक्टर बोलतायत ते हवेतलं नाही. सुजलेल्या सांध्यात स्टेम सेल टाकून नवी गादी उगवेल ही अपेक्षा म्हणजे पावसात भिंतीला रंग देण्यासारखं आहे.

पण "काहीच करणार नाहीत" हे चूक. कारण सूज बघून या पेशी दुसरंच काम हातात घेतात. टीएनएफच्या जोडीला इंटरफेरॉन गॅमा हे सुजेतलंच आणखी एक प्रथिन मिळालं की त्या जाग्या होतात (आम्ही लॅबमध्ये मुद्दाम दोन्ही देऊन "तयार" करायचो) आणि आयडीओ, टीएसजी-6, पीजीई-2 असे पदार्थ बनवायला लागतात. आयडीओ ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मोडून टी-पेशींची, म्हणजे एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींची, वाढ दाबतं, आणि पीजीई-2 मुळे आग लावत सुटलेल्या मॅक्रोफेज या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशींचा स्वभाव बदलतो, त्या आयएल-10 हे शामक प्रथिन बाहेर टाकून सूज शांत करायच्या मागे लागतात. गंमत म्हणजे पीजीई-2 कमी व्हावं म्हणूनच आपण कॉम्बिफ्लॅम खातो, तेच इथे उलट कामाला येतं, शरीरात एका पदार्थाला एकच काम कधीच नसतं. उंदरांमध्ये तर असं दिसलंय की सांध्याच्या अस्तराला चांगली सूज असताना पेशींचा उपयोग झाला, सूज कमी असलेल्या मॉडेलमध्ये फारसा नाही!

थोडक्यात ज्या सुजेमुळे त्यांचं गवंडीकाम बंद पडतं, त्याच सुजेमुळे त्यांचं भांडण मिटवण्याचं काम सुरू होतं. आणि ते करून त्या तिथे राहतही नाहीत, बऱ्याचशा काही दिवसांत-आठवड्यांत नाहीशा होतात. 1991 मध्ये ज्यांनी या पेशींसाठी "मेसेन्कायमल स्टेम सेल" हे नाव रूढ केलं त्या अमेरिकन शास्त्रज्ञ आर्नल्ड कॅप्लन यांनीच 2017 मध्ये लिहिलं की हे नाव बदला, "मेडिसिनल सिग्नलिंग सेल" म्हणा, स्टेम सेल म्हटलं की लोकांना नवा अवयव उगवेल असं वाटतं. क्लिनिकच्या ब्रोशरपर्यंत ते पत्र अजून पोचलेलं दिसत नाही.

आता पैशाचं. सूज शांत करायला स्वस्त इंजेक्शनंही आहेत. अमेरिकेत 2023 ला छापून आलेल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये, साधारण पावणेपाचशे पेशंट, तीन प्रकारच्या पेशी साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी ताडून बघितल्या, वर्षाने एकही प्रकार सरस ठरला नाही. आपल्याकडे 2022 ला गुडघ्यासाठी एका तयार उत्पादनाला सरकारी मंजुरी मिळाली, बंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्सचं स्टेमवन. त्यामुळे क्लिनिकला सरळ विचारा, तेच देताय, की पोटाची चरबी काढून तासाभरात काहीतरी गाळून देताय? दुसरं, पेशी किती आणि जिवंत किती, हे लेखी मिळेल का? माझ्या सख्ख्या मावशीला एका ठिकाणी "स्टेम सेल" म्हणून जे दिलं ते बिलावर पीआरपी निघालं, म्हणजे स्वतःचंच रक्त फिरवून काढलेल्या प्लेटलेट्स, त्यात स्टेम सेलचा पत्ताच नाही. आणि "गादी परत येईल" असं लिहून द्या म्हणा. आवाज कसा बदलतो बघा.

मधल्या काळात मांडीच्या स्नायूंचा व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या, आणि वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा जवळपास चार किलो भार कमी होतो. मांडी घालून बसणं, भारतीय संडास, सध्या नकोच.

आईंचा गुडघा हाताला गरम लागतो का, वाटीखाली पाणी आहे का, की नुसताच सकाळी आखडतो? एमआरआय काढला असेल तर सायनोव्हियमबद्दल (सांध्याच्या अस्तराबद्दल) काय लिहिलंय तेवढी ओळ इथे टाका, नाव झाकून. त्यावरून सूज कितपत आहे ते तरी कळेल, मग पुढचं बोलू.