वाचक विचारतात : पहिलं गाणं साउंडवाल्याचं

मागच्या अंकात फेस्टिवलमधल्या लोकल बँडांबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या तर एवढे मेसेज आले की बास. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, त्यातून सहा निवडलेत. आधीच सांगून ठेवतो, मी काही वर्षं एका बँडात बेस वाजवायचो आणि नंतर त्याहून जास्त वर्षं स्टेजवर केबला गुंडाळल्या, त्यामुळे माझा कल कुणाकडे असणार ते तुम्हाला कळेलच.

दादा, आमच्या भागातल्या म्युझिक फेस्टिवलला पहिल्यांदाच गेले होते. तीन लोकल बँड होते, तिन्ही मी आधी छोट्या हॉलमध्ये ऐकलेले, गाणी पाठ. दुपारी अडीचला पहिला बँड आला, मी एकदम पुढे बॅरिकेडला चिकटून उभी, आणि गाणाऱ्याचा आवाजच येईना! नुसता ड्रम आणि गिटार, पोटात धडधड, शब्द एक कळेल तर शपथ. मैत्रीण म्हणाली, बघ, लोकल ते लोकलच, रात्रीचे मोठे बँड कसे क्लिअर वाजले. मला जाम वाईट वाटलं. बँड खरंच वाईट वाजला का?
— पहिल्या रांगेतली

न ऐकता कसं सांगू, पण तू जे लिहिलंयस त्यात मला बँडचा दोष कमी दिसतो आणि तुझ्या जागेचा जास्त. ड्रम आणि गिटारचे अँप (गिटारचा आवाज मोठा करणारे डबे) स्टेजवरच वाजत असतात, तुझ्यापासून चार हातांवर, तो आवाज सरळ तोंडावर येतो. गाणाऱ्याचा तसा येत नाही, तो येतो दोन बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून, आणि ते उंच लावलेले असतात, तोंड मागच्या गर्दीकडे. म्हणजे ज्या शब्दांसाठी तू पुढे गेलीस तेच तुझ्या डोक्यावरून जात होते. त्यात सबवूफर, म्हणजे खोल आवाजाचे मोठे स्पीकर, बहुतेक ठिकाणी स्टेजच्या पायथ्याशी ठेवलेले, म्हणून ती पोटातली धडधड. काही ठिकाणी पुढच्या रांगेसाठी स्टेजच्या कडेला छोटे स्पीकर ठेवतात, पण छोट्या फेस्टिवलला ते कधी असतात, कधी नसतात.

पुढच्या वेळी गर्दीच्या मध्ये तो मिक्सरचा तंबू असतो ना, जिथून साउंडवाला सगळे आवाज जुळवतो, तिथे जा. तिथे बसलेल्या माणसाला जे ऐकू येतं तेच तो सुधारू शकतो, बाकी मैदानात काय चाललंय ते त्याला अंदाजानेच. त्याच्या पुढे चार पावलं आणि अगदी मधोमध नको, जरा बाजूला. मधल्या रेषेवर दोन्हीकडच्या सबचा आवाज एकाच वेळी पोचतो आणि बेस फुगतो, तो मला स्वतःला आवडतो पण तुला शब्द हवेत.

आता रात्रीच्या बँडांचं. मोठ्या बँडला बहुतेक वेळा सकाळी रिकाम्या मैदानात निवांत साउंडचेक मिळतो. लोकल बँडला मिळतो लाइन चेक. आधीचा बँड उतरल्यापासून पंधरा-वीस मिनिटं, त्यात ड्रमर स्वतःचा स्नेअर, सिंबल आणि पेडल लावणार (बाकीचा ड्रमसेट दिवसभर सगळ्यांना मिळून एकच), गिटारवाले पेडलबोर्डला वीज शोधत फिरणार, आणि मग साउंडवाला म्हणणार, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम). धप. धप. धप. अंगठा वर. स्नेअर. टाक, टाक. अंगठा. बेस. व्होकल. झालं, सुरू करा. यात फक्त प्रत्येक वायर मिक्सरपर्यंत पोचतेय का एवढंच बघून होतं, सगळं मिळून कसं वाजतंय ते बघायला वेळच नसतो. ते बघितलं जातं पहिल्या गाण्यात, तुमच्या समोर, तुमच्या कानांवर. म्हणून आम्ही म्हणायचो, पहिलं गाणं साउंडवाल्याचं. शहाणा बँड त्या जागी असं गाणं ठेवतो ज्यात सगळी वाद्यं एकदम वाजतात आणि बिघडण्यासारखं काही नसतं, आणि जीव लावून केलेलं नाजूक गाणं चौथं किंवा पाचवं.

आमचं एकदा काय झालं, आधीच्या बँडने सात मिनिटं जास्त खाल्ली, घाईघाईत स्टेजवरच्या बॉक्समध्ये दोन केबलांची अदलाबदल झाली आणि गायकाचा माइक लागला किकच्या चॅनलला. किकच्या चॅनलला बेस वाढवलेला, वरचा आवाज कापलेला, त्यामुळे आमचा गायक विहिरीतून हाक मारल्यासारखा. दीड गाणं तसंच गेलं. साउंडवाला वेड्यासारखा बटणं फिरवतोय आणि पब्लिक म्हणतंय काय हा बँड. केबला मीच लावल्या होत्या, हे मी बँडला पुढे दोन महिने सांगितलं नाही.

आणि अजून एक गोष्ट, जी मैत्रिणीला नक्की सांग. दुपारी जमीन तापलेली असते, जमिनीजवळची हवा वरच्या हवेपेक्षा गरम, गरम हवेत आवाज जास्त वेगाने पळतो, त्यामुळे आवाजाची लाट हळूहळू वर वाकते आणि मागे उभे असलेल्यांना कमी ऐकू येतं. सूर्य बुडाला, जमीन गार झाली, की उलटं होतं, आवाज खाली वाकतो आणि लांबपर्यंत स्वच्छ पोचतो. म्हणजे तेच स्पीकर, तोच साउंडवाला, पण रात्रीच्या बँडला हवासुद्धा मदत करते आणि अडीचच्या बँडला नाही. वर उन्हात गिटारची स्टीलची तार तापून सैल पडते, सूर उतरतो. दोन गाण्यांच्या मध्ये मान खाली घालून ट्यूनिंग करणाऱ्याला नखरे करतोय म्हणू नका.

दोन स्टेजवर एकाच वेळी दोन लोकल बँड आहेत, दोन्ही बघायचेत. अर्धा हा, अर्धा तो असं करू का?
— मधोमध लटकलेला

नका करू. लोकल बँडचा सेट असतो अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं. पहिलं गाणं कुणाचं ते वर सांगितलंय, दुसऱ्यात जरा बस्तान बसतं, आणि नेमके तेव्हा तुम्ही उठून दुसरीकडे निघणार, तिथे पोचेपर्यंत त्यांचं शेवटचं आलेलं. ज्या बँडचं एकही गाणं तुम्हाला माहीत नाही त्याच्याकडे जा. चुकीचा निघाला तर अर्धा तास गेला, एवढंच.

ज्या मोठ्या बँडसाठी तिकीट काढलं तो आयत्या वेळी आलाच नाही, त्याऐवजी भलताच कुणीतरी चढवला. ही फसवणूक नाही का? पैसे परत मागावे का?
— चिडलेला

तिकिटावर बारीक अक्षरात ‘कलाकार बदलू शकतात’ असं बहुतेक छापलेलं असतं, ते आधी वाचा. अख्खा फेस्टिवल रद्द झाला असता तर गोष्ट वेगळी होती. पण एक आठवण करून देतो. इंग्लंडमधला ग्लास्टनबरी फेस्टिवल १९७० मध्ये मायकेल ईव्हिस नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात पहिल्यांदा झाला, तेव्हा जेमतेम दीड हजार माणसं, आणि तिकिटावर शेतातलं दूध फुकट. तिथे मुख्य बँड म्हणून ठरले होते किंक्स. ते आले नाहीत, त्यांच्या जागी वाजवलं मार्क बोलनच्या टायरॅनोसॉरस रेक्सने, जे थोड्याच दिवसांत टी. रेक्स या नावाने प्रचंड गाजले. तेव्हाही तिथे तुमच्यासारखा कुणीतरी पैसे परत मागत उभा असणारच. तुमचा राग मला कळतो हो, पण ज्याला चढवलं तो कसा वाजला हे तुम्ही पत्रात लिहिलंच नाही.

फेस्टिवलवरून आल्यावर दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत होती. मग थांबली. काळजी करू का? मित्र म्हणतात असं होतंच.
— कुंईंईं

होतं हे खरं, पण ‘होतंच’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ही. कामाच्या जागेवरच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशोब असा की ८५ डेसिबल आठ तास चालतं, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धी. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. स्टेजच्या पुढे १०० म्हणजे काही विशेष नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक काढलं त्यात सुद्धा १५ मिनिटांची सरासरी १०० च्या वर जाऊ नये असं आहे, आणि लोकांना इअरप्लग आणि शांत बसायला जागा मिळावी असंही. तुमच्या फेस्टिवलला शांत जागा होती का? मला तरी फार कमी ठिकाणी दिसलीय.

तर इअरप्लग. फोमचे स्वस्त असतात आणि काम करतात, फक्त ते वरचे सूर जास्त खातात म्हणून सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं वाटतं, आणि मग लोक वैतागून काढून टाकतात. वादकांसाठीचे फिल्टरवाले मिळतात, ते सगळे सूर साधारण सारखेच खाली आणतात, गाणं गाणंच राहतं. मी ते फार उशिरा घेतले, आता माझ्या डाव्या कानाला, जो सिंबलच्या बाजूला असायचा, गर्दीत बोललेलं नीट कळत नाही. मोकळ्या मैदानात साध्या स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, तेव्हा दोन बँडांच्या मध्ये लांब जाऊन बसणं हाही उपाय आहेच, फुकटातला. लहान मुलांना मात्र कानावर बसणारे मफ्स घातल्याशिवाय आणूच नका. शिट्टी दोनेक दिवसांत थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरकडे जा, आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी, वाट बघत बसू नका.

बँड आवडला तर त्याला नक्की मदत कशी होते? मी त्यांचं गाणं रोज स्ट्रीम करतो. मित्र म्हणतो याने काही होत नाही. आणि बँडने कंपनीशी करार केला तर तो इंडी राहतो का?
— रोज ऐकणारा

मित्र अगदीच चुकीचा नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम आहे की मागच्या १२ महिन्यांत गाणं किमान १००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्या गाण्याचे पैसे मोजलेच जात नाहीत. नव्या लोकल बँडची कितीतरी गाणी या रेषेच्या खाली असतात. तुम्ही रोज ऐकता त्याने रेषा गाठायला मदत होते, ऐकत राहा, पण स्टेजच्या बाजूला टेबल लावून टी-शर्ट आणि सीडी विकतायत तिथे एक वस्तू घेतलीत तर बँडच्या गाडीत त्याच रात्री पेट्रोल पडतं. ऑनलाइन घ्यायचं तर बँडकॅम्पसारख्या ठिकाणी, ते डिजिटल विक्रीतले १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतले १० टक्के ठेवतात, वर पैसे भरायचा थोडा खर्च, बाकीचं बँडला. टेबलावर बहुतेक वेळा बँडमधलाच कुणीतरी घामाघूम उभा असतो, त्याला कुठलं गाणं आवडलं ते नाव घेऊन सांगा. ‘मस्त वाजवलं’ सगळेच म्हणतात.

इंडी म्हणजे मुळात इंडिपेंडंट, पैसा आणि निर्णय कुणाचे हा प्रश्न, गिटारचा आवाज कसा आहे हा नाही. मँचेस्टरच्या बझकॉक्सने १९७७ च्या जानेवारीत घरच्यांकडून आणि मित्रांकडून उसने पैसे घेऊन स्वतःच स्वतःची रेकॉर्ड काढली, पहिल्या खेपेला १००० प्रती, आणि बाकीच्यांना कळलं की अरे, हे आपल्यालाही जमेल. त्याच बँडने त्याच वर्षी मोठ्या कंपनीशी करार केला. त्यांना इंडी म्हणायचं की नाही यावर भांडत बसायला मजा येते, मीही भांडलोय, पण आता कंटाळा येतो.

नमस्कार. मी पन्नाशीची आहे. मुलगा कॉलेजातल्या बँडात ड्रम वाजवतो, त्यांना फेस्टिवलमध्ये पहिल्यांदाच जागा मिळालीय, दुपारी. तो म्हणतो आई तू येऊ नकोस, मला टेन्शन येईल. मला जायचंय. काय करू?
— ड्रमरची आई

ताई, जा. संध्याकाळचा सेट असता तर प्रश्नच नव्हता, दिव्यांच्या उजेडात स्टेजवरून दोन-तीन रांगांपलीकडे काही दिसत नाही. दुपारी मात्र सगळं दिसतं, तेव्हा टोपी घाला आणि मिक्सरच्या तंबूपाशी उभ्या राहा, आवाजही तिथेच बरा असतो. तसंही ड्रमर समोर बघत नाहीत, ते बेसवाल्याकडे बघतात, आणि बेसवाला घाबरला असेल तर स्वतःच्या बोटांकडे. अर्धा तास आधी पोचा म्हणजे लाइन चेक ऐकायला मिळेल, तो धप-धप करणारा तुमचाच मुलगा असेल.

सेट संपला की लगेच मागे मिठी मारायला धावू नका. त्याला पाच मिनिटांत सिंबल काढून स्टेज मोकळं करून द्यायचं असतं, पुढचा ड्रमर स्वतःचे घेऊन डोक्यावर उभा असतो. उतरून खाली आला की भेटा. सिंबलची बॅग भलतीच जड असते, तिचा एक पट्टा धरा.