ठाण्यात दातांचा नवा दवाखाना उघडताना

घोडबंदर रस्त्यावर दवाखाना सुरू करत आहात, अभिनंदन. महागड्या यंत्रांची घाई नको. पहिला खर्च चांगल्या ऑटोक्लेव्हवर, म्हणजे अवजारे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावर, करा, कारण १२१ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे निर्जंतुक केलेले पाकीट रुग्णासमोर फोडले की त्याची निम्मी भीती तिथेच ओसरते.

"दात साफ केल्याने ते हलायला लागतात ना?" हा प्रश्न नौपाड्यात मी आजही जवळजवळ रोज ऐकतो. अशा वेळी वाद न घालता रुग्णाच्या हाती आरसा द्या आणि खालच्या पुढच्या दातांमागचे पिवळट कीटण दाखवा; दात हलतात ते हिरडी सुजून आतले हाड झिजल्यामुळे, आणि कीटण निघाल्यावर जिभेला लागणारी फट त्याखाली आधीपासूनच असते, हे त्याला स्वतः पाहू द्या. मिश्रीबद्दलही समजावून सांगा, रागावू नका. रागावलात तर आजीबाई पुन्हा फिरकणार नाहीत.

सुरुवातीच्या चुका ठरलेल्या असतात: एक्स-रे न पाहता दात काढायला घेणे, मधुमेह किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी न विचारणे, आणि सूज वा ताप नसतानाही नुसत्या ठणक्यावर प्रतिजैविके लिहून देणे. यांतली तिसरी मीही केली आहे.

इम्प्लांटचे, म्हणजे हाडात रोवून बसवायच्या कृत्रिम दातांचे, पुढच्या वर्षी बोलू.